अक्कांचा पत्रा

मडकं वाजवून घेतात, नारळ वाजवून घेतात, कलिंगडसुद्धा वाजवून घेतात. पण घराच्या भिंतीला ठोकायचा पत्रा वाजवून, कान लावून, 'हा नको, ह्याचा गळा बसलाय' असं म्हणत निवडणारं गिऱ्हाईक हुबळीच्या त्या दुकानदारानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

जयलक्ष्मीअक्का सकाळपासून त्याच्या गोदामात उभ्या होत्या. सत्तरीला टेकलेली बाई, अंगावर इरकल साडी, हातात उन्हासाठी घेतलेली छत्री. त्या छत्रीच्या दांड्यानं एकेक पत्रा ठोकून बघणं चाललेलं. दुकानदार हणमंताकडे बघायचा आणि हणमंत छताकडे. हणमंत हा पत्रे बसवणारा, मूळचा अळणावरकडचा. धारवाडच्या मळमड्डीतल्या निम्म्या घरांवर त्याचा हात फिरलेला. त्यानं फार तऱ्हेवाईक माणसं बघितली होती, पण अक्कांपुढे त्यानंही हात टेकले.

"अक्का, ह्यो घ्या. जाड आहे, रंग दिलेला आहे, दहा पावसाळे बघायला नको."

"वाजवून दाखव."

"अक्का, भिंतीला लावायचाय हो. देवळात टांगायचा नाही."

"तू वाजव रे मुकाट्यानं."

हणमंतानं मूठ आपटली. धप्प.

"हा मेलेला आहे," अक्का म्हणाल्या. "पुढचा."

आता अक्कांचं डोकं फिरलं होतं असं कुणी समजू नका. अक्कांचं डोकं गल्लीत सगळ्यात ताळ्यावर होतं, आणि गल्लीची तक्रारही तीच होती.

त्याचं असं आहे. धारवाडचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो, आणि येतो तो पश्चिमेकडून. मळमड्डीतली जुनी घरं मातीविटांची. पश्चिमेच्या भिंतीला झड लागली की आठ दिवसांत पोपडे आणि पंधरा दिवसांत ओल. म्हणून त्या बाजूला भिंतीवर रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, ठोकून वरनं खालपर्यंत पत्रे मारायची पद्धत. अक्कांच्या वडिलांनी, ते कोर्टात शिरस्तेदार होते, अक्का शाळेत असतानाच हे पत्रे मारून घेतले. पुढे वडील गेले, आई गेली, भाऊ पुण्याला नोकरीला म्हणून गेला आणि तिकडेच वारला, पण पत्रे होते तिथेच होते. फक्त अलीकडे त्यांची चाळण झाली होती. मागच्या पावसात स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी झिरपलं आणि फडताळातल्या पापडांना बुरशी आली.

पुण्याच्या भाच्यानं, श्रीनिधीनं, फोनवर सांगितलं, "आत्या, ते भंगार काढून टाक. हल्ली सिमेंटचे बोर्ड मिळतात. लाकडासारखे दिसतात, गंजत नाहीत, आणि पावसात ताशा वाजल्यासारखा आवाज तर मुळीच नाही."

"आवाज नाही? मग काय करायचेत ते बोर्ड?"

श्रीनिधी हसला. त्याला वाटलं आत्या विनोद करते. आत्यानं आयुष्यात विनोद केलेला नाही हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

आवाज का हवा ते सांगतो. आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी, आणि येतं ते लहरीनं. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की येईल, नाहीतर लग्नाला निघायच्या वेळी. गल्ली चढाची, आणि मोठा पाइप शिरतो तो पहिला अक्कांच्या अंगणात. अक्कांचा नळ जुन्या पद्धतीचा, जमिनीखालच्या खड्ड्यात. तो त्या उघडाच ठेवत आणि खाली पितळी घागर. घागरीत धार पडली की अक्का हातातलं टाकून उठत, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेत, पश्चिमेच्या भिंतीकडे जात आणि पत्र्यावर सणसणीत हाणत. धडाड, धडाड, धडाड. त्या आवाजानं झाडावरचे कावळे उडायचे. मग घराघरांतून ओ यायची. "हो अक्का!" "ऐकलं हो!" कानडी घरांतून, "नीर बंतु, बंतु!" बादल्या खडखडत, मोटारी घुंघुं करायला लागत, आणि अक्का कमरेवर हात ठेवून कुणाची ओ आली, कुणाची नाही ते बघत. राहिलेल्या घरासाठी आणखी एक दणका.

एक घर मात्र कायम राहायचं. अगदी टोकाचं, बाळाचार्यांचं. गल्ली त्यांना नुसतं आचार म्हणे. आचार संस्कृतचे निवृत्त मास्तर, विधुर, एकटेच असत आणि कानानं ठार नसले तरी बरेच मंद. त्यांच्याकडून कधी ओ आली नाही. त्यांना ऐकूच जात नसणार असं अक्कांनी धरून टाकलं होतं आणि त्यांच्यासाठी जास्तीचा दणका मारणं कधीच सोडून दिलं होतं.

हे काम अक्कांकडे आलं कसं, तर कुणी दिलं नाही, त्यांनीच घेतलं. माणसाला माणसाशी जोडून द्यायची त्यांना सवयच होती म्हणा. तीस-एक वर्षं त्यांनी हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले. रोज सकाळच्या बसनं जायचं, कानाला ते यंत्र लावायचं आणि कुणाची बाळंतपणं, कुणाची मयतं, कुणाचे व्यापार ह्या टोकाचे त्या टोकाला लावून द्यायचे. आवाज खणखणीत, उच्चार स्पष्ट. स्वतःचं लग्न मात्र जुळलं नाही. एक स्थळ बेळगावचं ठरत आलं होतं. तेवढ्यात आईला अर्धांगवायू झाला, आणि 'थोडं थांबा' म्हणता म्हणता त्या माणसाला मुलं झाली, मुलांच्या मुंजीही झाल्या. अक्कांनी त्याचं कधी रडगाणं गायलं नाही. पुढे ट्रंक कॉल गेले, यंत्रं बदलली, अक्का निवृत्त झाल्या. घरी आल्या तर घरात बोलायला कोणी नाही.

गल्लीत तरी कुठे होतं? तोंड फार तिखट. केरवालीला सुनवायचं, रिक्षावाल्याला सुनवायचं, कुणाच्या सुनेनं दारात उशिरा सडा घातला तर तिलाही. 'अक्का म्हणजे उकळतं तेल, लांबून गेलेलं बरं' असं लोक म्हणत आणि खरोखरच लांबून जात. सणावाराला ताट यायचं, पण ताट आणणारी पोर उंबऱ्याबाहेरूनच पळायची. खरं सांगायचं तर तो पत्रा वाजवल्यावर येणारी ओ सोडली तर आठवडाच्या आठवडा अक्कांशी कुणी बोलत नसे. त्या एका ओवर बाई आठवडा काढायची. पत्रा मुका झाला तर आपण गल्लीत आहोत हे तरी कुणाला कळणार, ही त्यांची धास्ती. ती त्या भाच्याला सांगणार होत्या की हणमंताला? मरेपर्यंत नाही. म्हणून गोदामात पत्रे वाजवत बसल्या.

शेवटी दुपार कलताना एक पत्रा खणकन बोलला. साधा, बिनरंगाचा. अक्कांचा चेहरा उजळला. "हाच. ह्यातलेच सगळे दे."

"अक्का, हा सगळ्यात हलका माल आहे," दुकानदार चाचरत म्हणाला.

"असू दे. बोलतो तरी."

दुसऱ्या दिवशी हणमंतानं जुने पत्रे उतरवायला सुरुवात केली. खिळे कुजलेले, हात लावला की पत्रा खाली. संध्याकाळपर्यंत सगळी भिंत उघडी पडली. आतल्या रिपांना वाळवी लागलेली. हणमंत म्हणाला, सगळ्या रिपा नव्या घालाव्या लागतील, लाकूड कापून आणायला दोन-तीन दिवस जातील. नवे पत्रे अंगणात रचून ठेवले, पावसाला अजून अवकाश होता, घाई नव्हती. अक्का त्या उघड्या भिंतीकडे बघून कसनुशा झाल्या. आईला आजारपणात न्हाऊ घालताना वाटायचं तसं काहीसं त्यांना वाटलं, आणि त्या आत निघून गेल्या.

आणि पाणी नेमकं दुसऱ्या दिवशी भरदुपारी आलं. हणमंत लाकडाच्या वखारीत गेलेला.

घागरीत धार वाजली तशा अक्का सवयीनं बत्ता घेऊन धावल्या आणि भिंतीसमोर जाऊन थबकल्या. हाणणार कशावर? मातीच्या भिंतीवर? अंगणात रचलेल्या पत्र्यांवर हाणून बघितलं, तर एकावर एक पडलेले ते, थप्प थप्प करून गप्प. घरातून परात आणली. तिचा आवाज फाटकापर्यंतसुद्धा जाईना. इकडे पाणी चाललेलं. आत्ता भरलं नाही तर गल्लीला पुढचा आठवडा पाणी नाही, आणि लोक म्हणतील अक्कांनी सांगितलं नाही! अक्कांनी पदर खोचला आणि अनवाणीच रस्त्यावर निघाल्या. त्या वयाची बाई, उन्हात तापलेल्या डांबरावर, "पाणी आलं! नीर बंतु!" करत पळतेय. बघणाऱ्याला हसू आलं असतं. बघायला कोणी नव्हतं.

पहिल्या घराचं दार बंद. पण आत मोटार चाललेली ऐकू आली. अक्का जरा चक्रावल्या. दुसरं घर नेत्राचं. नेत्रा म्हणजे मथुराबाईंची सून. मथुराबाई मागल्या वर्षी वारल्या. अक्कांनी बेल न वाजवता सरळ दारावर थापा मारल्या.

"अगं नेत्रा, पाणी आलंय! पत्रा काढलाय माझा, वाजवता येईना. लाव, लाव मोटार!"

नेत्रा कानातला हेडफोन काढत बाहेर आली. घरूनच नोकरी करायची ती, कामात होती. "हो अक्का, लावलीय. भरत आली टाकी. तुम्ही अशा उन्हात कशाला आलात? आत या ना."

"लावलीय? कुणी सांगितलं?"

"मेसेज आला ना मघाशी. गल्लीचा ग्रूप आहे. पाणी सोडणारा माणूसच टाकतो, सोडायच्या आधी."

"कधीपासून?"

नेत्रानं तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मुलगी सरळ, विचारलं तेवढं सांगणारी. "झाली की पाच-सहा वर्षं. लॉकडाऊनच्या वेळेस सुरू केला."

"आणि मग मी वाजवते तेव्हा 'ऐकलं हो अक्का' म्हणून ओरडतेस ती?"

नेत्रा हळू आवाजात म्हणाली, "सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. अक्कांनी वाजवलं की हातात काही असो, ओ द्यायची. सगळेच देतात अक्का. तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

तुम्हाला बरं वाटतं म्हणून! अहो, थोबाडीत मारली असती तर परवडली असती. अक्कांनी नेत्राकडे एकदा नीट बघितलं, आणि मागे फिरल्या. पुढच्या घरांकडे गेल्याच नाहीत. कशाला जायचं? तळपाय भाजत होते ते आता त्यांना जाणवायला लागलं. घरी येऊन बघतात तर घागर भरून पाणी खड्ड्यातून वर येऊन अंगणभर झालेलं. ते तसंच वाहू दिलं त्यांनी. आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि मनातल्या मनात एकेक ओ आठवून बघू लागल्या. कुणाची कशी यायची, कुणाच्या आवाजात हसू असायचं. इतकी वर्षं त्या गल्लीला पाणी देत होत्या आणि गल्ली त्यांना भीक घालत होती. शरमेनं बाईच्या कानशिलांना आग लागली.

संध्याकाळी त्यांनी हणमंताला फोन केला. "ते पत्रे परत देऊन टाक. सिमेंटचे बोर्ड आण."

"अक्का! अहो, एवढे वाजवून वाजवून घेतलेत—"

"सांगितलं ना. मुके आण."

हणमंताच्या मनासारखंच झालं होतं, त्यामुळे त्यानं जास्त चौकशी केली नाही. बोर्ड आले, नव्या रिपांवर बसले, सांधे भरले, वर फिकट बदामी रंग चढला. भिंत इतकी सुरेख दिसायला लागली की जाणारे-येणारे थांबून बघत. हणमंतानं श्रीनिधीला फोटो पाठवला, त्यानं उलट शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. जाताना हणमंतानं बोर्डावर थाप मारून दाखवली. "बघा अक्का, हूं का चूं नाही." अक्का म्हणाल्या, "बरं झालं."

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा अक्कांनी आपले हंडे भरले, पिंप भरलं, आणि ओसरीवर येऊन बसल्या. रागावल्या होत्या, पण खरं तर वाट बघत होत्या. कोणीतरी येईल. 'अक्का, आज वाजवलं नाहीत?' एवढं तरी विचारेल. थट्टेनं का होईना. मोटारी सुरू झाल्या, बंद झाल्या. गल्ली भरली आणि निजली. कुणी आलं नाही.

त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

आता गल्लीची बाजू सांगायची तर, नेत्रानं घरोघरी सांगितलं होतं की अक्का दुखावल्यात, तो विषयच काढू नका. म्हणजे लोक आपले जपून वागत होते. पण जपून वागणं आणि विसरून जाणं बाहेरून सारखंच दिसतं हो! अक्कांना वाटलं, सुटली एकदाची गल्ली आपल्यातून. त्या दिवसांत त्यांचा घसा बसला, औषध घेऊनही सुटेना. बोलायलाच कोणी नव्हतं, तर बसला काय नि सुटला काय.

पत्रा न वाजता पाण्याची तिसरी पाळी होऊन गेल्यावर एका सकाळी नेत्रा कैऱ्या घेऊन आली. कैऱ्या निमित्त, तिला मनातून टोचत होतं. अक्कांनी 'ठेव तिथं' म्हणून बोट दाखवलं. नेत्रा ठेवून उभीच राहिली, काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "आचारांचं कळलं का अक्का? पडले. देवळाच्या विहिरीवरनं कळशी आणताना पायरीवरून घसरले. मनगट मोडलं."

"विहिरीवरनं? नळ आहे ना त्यांच्याकडे?"

"तेच तर! त्यांची मुलगी वेदश्री आलीय बेंगळूरहून. तिनं विचारलं, अप्पा, विहिरीवर कशाला गेलात? तर म्हणतात, महिना होत आला, नळाला पाणीच आलं नाही. सगळ्या गल्लीला तीनदा येऊन गेलं आणि हे म्हणतात आलंच नाही! ती बिचारी घाबरलीच. डोक्यावर परिणाम झालाय म्हणते. आज घेऊन चाललीय त्यांना कायमचं. घर बंद करणार."

अक्कांच्या हातातली वाटी खाली ठेवायची राहिली. "नेत्रा, आचार आहेत का गं तुमच्या त्या ग्रूपवर?"

"ते कुठले? साधा फोन आहे त्यांच्याकडे."

"आणि नळ?"

"तुमच्यासारखाच, खड्ड्यातला. पण ते बंद ठेवतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून पाणी आलं की मगच उतरून उघडतात."

"पाणी आलं की म्हणजे? त्यांना कळायचं कसं?"

ह्याचा विचार गल्लीत कुणीच केला नव्हता. अक्का चपला शोधत होत्या. त्या मिळेपर्यंत थांबल्या नाहीत.

बाळाचार्यांच्या दाराशी गाडी उभी होती, बॅगा चढत होत्या. आचार पुढच्या आसनावर बसलेले, पांढरं उपरणं, हात गळ्यात बांधलेला. शिक्षा झालेल्या पोरासारखं तोंड झालं होतं त्यांचं. वेदश्री कुलूप लावत होती. पन्नाशीची बाई, पण अक्कांना ती फ्रॉकमधली आठवत होती.

"वेदा, थांब जरा," अक्का धापा टाकत म्हणाल्या. "तुझे अप्पा चुकलेले नाहीत. पाणी आलं की मी पत्रा वाजवत असे. ते त्याच्यावर विसंबून असायचे. मी वाजवायचं बंद केलं. त्यांना कळायचं कसं?"

वेदश्रीनं अक्कांचा हात हातात घेतला. फार मायेनं. "जयाक्का, तुम्ही त्यांची बाजू घेताय ते कळतंय मला. पण अप्पांना ऐकू कुठे येतं? आणि तुमच्या पत्र्यावर हल्ली कोणी विसंबून नसतं, नेत्रानंच सांगितलं मला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

मागून धावत आलेल्या नेत्रानं मान खाली घातली.

बघा आता. खरं बोलायला आलेल्या बाईचं खरं कुणाला खरं वाटेना, कारण गल्लीनं इतकी वर्षं तिच्याशी प्रेमानं खोटेपणा केलेला. अक्कांना रडू फुटलं. आईच्या तेराव्यालाही न रडलेली बाई रस्त्यात उभी राहून रडली. मग त्यांनी वेदश्रीचा हात सोडला, गाडीच्या खिडकीशी गेल्या, आणि बसलेल्या घशातून होता नव्हता तेवढा आवाज काढून आचारांच्या कानाशी ओरडल्या, "आचार! पाणी आलं होतं! तीनदा आलं होतं! मी वाजवलं नाही!"

आचारांनी मान वळवली. आधी अक्कांकडे बघितलं, मग मुलीकडे.

"ऐकलंस का वेदा? मी काय म्हणत होतो? अक्कांनी वाजवलंच नाही म्हटलं होतं की नाही?" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. "बोलणं मला कळत नाही गं नीट. पण तो पत्रा वाजला की भिंत हलते माझी. इतकी वर्षं तेवढा एक आवाज मला स्वच्छ येतो."

"मग ओ का नाही दिलीत हो कधी?" अक्का ओरडल्या.

"ओ द्यायला वेळ कुठे? खड्ड्यात उतरत असे मी." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण अक्का, वाजवणं बंद का केलंत?"

"कुणी ऐकत नाही असं कळलं म्हणून."

"मी ऐकत होतो की," आचार म्हणाले.

ते रागानं म्हणाले नाहीत. वर्गात पोरानं सोपं गणित चुकवलं तर मास्तर म्हणतात तसं म्हणाले. अक्कांनी खिडकीची कड धरली. सगळ्या गल्लीच्या खोट्या ओ त्यांनी मोजून घेतल्या होत्या, आणि ह्या एका माणसाला बहिरा म्हणून सोडून दिलं होतं. दुखावल्या त्या नेत्राच्या बोलण्यानं आणि मनगट मोडलं ह्यांचं.

वेदश्रीला पटलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "माझंच चुकलं अप्पा," ती वाकून मोठ्यानं म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे तुमचं." मग अक्कांकडे वळून म्हणाली, "पण जयाक्का, आता हात मोडलाय. घागर कोण उचलणार, भात कोण लावणार? आणि पुन्हा पडले तर मला कळणार कधी? मी तिकडे जीव टांगणीला लावून किती दिवस काढू?"

'मी येते रोज, मी बघते' हे अक्कांच्या ओठांवर आलं होतं. पण गेल्या महिन्याभरात शेवटच्या घरापर्यंत आपण एकदाही चालत गेलो नाही, हे त्यांना ठाऊक होतं, वेदश्रीलाही ठाऊक होतं. त्या बाजूला झाल्या.

वेदश्री गाडीत बसली. नेत्रानं राहिलेली पिशवी मागे ठेवली. गाडी सुरू होता होता आचारांनी मुलीला विचारलं, आणि बहिऱ्या माणसाचं हळू बोलणंही गल्लीभर ऐकू जातं म्हणून ते अक्कांनाही ऐकू आलं. "वेदा, तुझ्याकडे पाणी आलं की सांगतं कोण गं?"

"तिथे चोवीस तास असतं अप्पा. कुणी सांगावं लागत नाही."

"म्हणजे कुणी कुणाला काही सांगतच नाही," आचार म्हणाले, आणि वेदश्रीनं काच वर केली.